शार्ङ्गदेवाचा पॅरिसमधला वाचक

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मिरातून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले, आणि तो स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख झाला. हे काम सांभाळून त्याने संस्कृतात ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यातला पाचवा अध्याय तालांचा आहे आणि त्यात १२० देशी तालांची यादी आहे. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात देवगड म्हटले की मोहखेडकडचा गोंड राजांचा किल्ला डोळ्यांपुढे येतो, म्हणून सांगायला हवे की हे देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. पण यादवांचे राज्य आपल्याला परके नव्हते. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातला यादवकालीन शिलालेख आपल्यापासून फार दूर नाही, आणि ज्या राजवटीत ज्ञानेश्वरी लिहिली गेली तीच ही राजवट. शार्ङ्गदेवाच्या तालांच्या यादीला सर्वांत निष्ठावान वाचक सातशे वर्षांनी पॅरिसमध्ये मिळाला. त्याचे नाव ऑलिव्हिए मेसियाँ. विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतात काळ मोजण्याची रीतच बदलली आणि त्या बदलात मेसियाँचा वाटा फार मोठा आहे. त्याला ती वाट दाखवणाऱ्यांत शार्ङ्गदेवाचे स्थान पहिल्या रांगेतले आहे, असे माझे म्हणणे आहे.

मेसियाँचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी झाला. आई सेसिल सोव्हाज कवयित्री, वडील इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपियरचे अनुवादक. वयाच्या अकराव्या वर्षी तो पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाला. तिथे पॉल द्युका, मार्सेल द्युप्रे आणि मॉरिस एमान्युएल हे त्याचे गुरू. १९३१ मध्ये पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, साठ वर्षांहून अधिक काळ, त्याने ती सेवा केली. चारचौघांपेक्षा तो वेगळा होता तो अनेक अंगांनी. सूर ऐकले की त्याला रंग दिसत. पहाटे रानात जाऊन तो पाखरांची गाणी वहीत स्वरलिपीत उतरवून घेई आणि त्यांतून त्याने पियानोसाठी पक्ष्यांची एक अख्खी सूचीच रचली. श्रद्धेने तो कट्टर कॅथलिक होता आणि आपले बहुतेक संगीत त्याने देवाला वाहिले. अनेक नवे कलावंत धर्मापासून दूर जात असताना हा माणूस एकाच वेळी सर्वांत भाविक आणि सर्वांत धाडसी होता. १९४५ च्या सुमारास पॅरिसच्या वृत्तपत्रांत त्याच्यावरून मोठा वाद पेटला तो याच कारणाने. टीकाकारांना त्याची भक्तीही खटकत होती आणि तिचा भडक नादही. मात्र पाखरे आणि रंग ही त्याची स्वतःची दौलत होती, ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्यासारखी नव्हती. पुढच्या पिढीने त्याच्याकडून जे घेतले त्यात सर्वांत मोठा वाटा लयीचा होता.

आल्बेर लाव्हिन्याक याने सुरू केलेल्या फ्रेंच संगीत विश्वकोशाचा पहिला खंड १९१३ मध्ये निघाला. त्यात भारतीय संगीतावरचा लेख जोआनी ग्रोसे या अभ्यासकाने लिहिला होता आणि शार्ङ्गदेवाची १२० तालांची यादी त्यात चिन्हांसकट दिली होती. तरुण मेसियाँच्या हाती ती पडली. त्याला संस्कृत येत नव्हते, आणि शार्ङ्गदेवाचे ते ताल प्रत्यक्ष वाजवणारा कोणी त्याला ऐकायला मिळाला नव्हता. पण चिन्हे स्पष्ट होती. मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्याला त्यातले निम्मे आधीच ठाऊक असते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मनाचे श्लोक म्हणताना भुजंगप्रयाताचे लघु-गुरु-गुरु आपल्या जिभेवर आपोआप बसते. शार्ङ्गदेव या दोघांत आणखी काही मापे घालतो: लघूच्या निम्म्या लांबीचा द्रुत, तिप्पट लांबीचा प्लुत, आणि विराम. हा विराम एखाद्या मात्रेला जोडला की ती निम्म्याने वाढते. आता यादीतला रागवर्धन ताल पाहा. द्रुत, विरामासह द्रुत, पुन्हा द्रुत आणि शेवटी प्लुत. लघूचे चार कण मानले तर २, ३, २, १२, एकूण १९ कण. मेसियाँने हा ताल उलटा केला, म्हणजे आधी १२ आणि मग २, ३, २. बारा कणांचा प्लुत त्याने चार-चार कणांच्या तीन तुकड्यांत मोडला. आता समोर आले ४, ४, ४ आणि २, ३, २. चार-चार-चारला निम्मे केले तर दोन-दोन-दोन व्हायला हवे. मधल्या दोनात एक कण जास्तीचा शिरला आहे, आणि सगळी जादू त्या कणात आहे. कानाला वाटते की आधीचीच चाल दुप्पट वेगाने आली, आणि तेवढ्यात मध्येच पाऊल किंचित लांबते. शिवाय २, ३, २ ही रचना ‘रामाला भाला मारा’सारखी उलट वाचली तरी तीच राहते. एकट्या रागवर्धनातून मेसियाँने लयीचे तीन नियम काढले: मूळ मापात छोटी भर घालणे, काटेकोर नसलेली दुप्पट-निमपट, आणि उलटवली तरी न बदलणारी लय. १९४४ मध्ये आपल्या संगीतभाषेच्या तंत्रावर त्याने जे पुस्तक लिहिले त्यात या नियमांचा उगम शार्ङ्गदेवाच्या नावासह सांगितला आहे.

हे नियम कागदावरच राहिले नाहीत. १९४० मध्ये फ्रान्स पडले तेव्हा मेसियाँ जर्मनांच्या कैदेत सापडला आणि त्याला ग्योर्लिट्सजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत नेण्यात आले. तिथे एक क्लॅरिनेटवादक, एक व्हायोलिनवादक आणि एक चेलोवादक असे तीन कैदी त्याच्यासोबत होते. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल या पहारेकऱ्याने कागद-पेन्सिल पुरवली, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी, ऐन हिवाळ्यात, छावणीतल्या कैद्यांसमोर आठ भागांचे ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ हे संगीत प्रथम वाजले. पियानोवर स्वतः मेसियाँ होता. पहिल्या भागात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेची पाखरे होतात. पियानोकडे मात्र एक न बदलणारी लयमाला दिलेली आहे: रागवर्धनाचे सहा आघात, चंद्रकलेचे सात आणि लक्ष्मीशाचे चार, मिळून सतरा. त्यावर एकोणतीस स्वरसमूहांची दुसरी माळ फिरत राहते. सतरा आणि एकोणतीस यांना एकाखेरीज समान विभाजक नाही, त्यामुळे दोन्ही माळा पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ आघात लागतील. तो भाग त्याच्या फार आधी संपतो. अनंतकाळाचा एक तुकडा ऐकू यावा ही मेसियाँची इच्छा होती, आणि ती पुरवण्यासाठी त्याने देवगिरीचे तीन ताल निवडले.

पहिला आक्षेप आपल्याकडचे जाणकार घेतील आणि तो वजनदार आहे. ताल म्हणजे मात्रांची रांग नव्हे. ताल म्हणजे आवर्तन, सम, टाळी, खाली, आणि समेवर येऊन मिळण्याचा आनंद. मेसियाँच्या संगीतात यातले काहीच नाही. रागवर्धन उलटा करायचा, प्लुत मोडायचा, हे तर आपल्या गवयाला चालणारच नाही. हे सगळे मला मान्य आहे. मेसियाँने ताल घेतले नाहीत, तालांचे आराखडे घेतले. पण हेही पाहायला हवे की ज्याला आपण आज ताल म्हणतो त्याचे पुष्कळसे रूप शार्ङ्गदेवानंतरच्या काळात घडले आहे. तबल्याचा ठेका आणि समान विभागांचा तीनताल त्या यादीत नाहीत. यादीत आहेत त्या लहान-मोठ्या तुकड्यांच्या बेरजा. आज आपल्या कानांना लय भागाकाराने कळते, सोळाचे चार समान भाग पडतात. शार्ङ्गदेवाची यादी बेरजेने चालते. मेसियाँला ठेका माहीत नव्हता, म्हणून त्याला ती बेरीज अधिक स्वच्छ दिसली. परंपरेच्या आत असलेल्याला जे दिसते ते त्याला दिसले नाही हे खरे, पण जे आपल्या सवयीआड लपले होते ते त्याला दिसले.

दुसरा आक्षेप युरोपातून येतो. स्ट्राविन्स्कीच्या १९१३ च्या ‘वसंताचा विधी’ या बॅलेने विषम लयीचा धक्का आधीच दिला होता. ग्रीक छंदांचे शिक्षण मेसियाँला गुरूंकडूनच मिळाले होते. मग शार्ङ्गदेव नसता तरी तो तिथेच पोहोचला नसता का? मला तसे वाटत नाही. स्ट्राविन्स्कीच्या विषम लयीखाली एक सारखा ठोका सतत चालू असतो, जोर तेवढा जागा बदलतो. ग्रीक छंदात दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या सामान्यतः दुप्पट. लघूच्या निम्म्याचेही दीडपट माप नाव देऊन आणि चिन्ह देऊन यादीत बसवलेले मेसियाँला सापडले ते विरामात. शिवाय त्याने स्वतः उगम कुठला ते लपवले नाही. ज्याने ऋण उघडपणे मान्य केले त्याच्या वतीने आपण ते नाकारण्यात अर्थ नाही. ग्रीक आणि स्ट्राविन्स्की यांचा वाटा मी कमी करत नाही. त्या दोघांनी जमीन नांगरली होती एवढेच म्हणतो.

या लयीचा पल्ला पुढे किती गेला ते पाहण्यासारखे आहे. १९४६ ते १९४८ या काळात मेसियाँने दहा भागांची प्रचंड ‘तुरंगलीला’ सिंफनी लिहिली. ती २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनने प्रथम सादर केली. तुरंगलील हे त्याच १२० मधल्या एका तालाचे नाव आहे. त्याच वर्षी त्याने पियानोसाठी एक छोटी रचना केली. तिच्यात स्वर, कालमाने, आघात आणि जोर या चारही गोष्टींच्या त्याने वेगवेगळ्या याद्या केल्या. त्यांतली कालमानांची यादी २४ मापांची आहे. ती रचना ऐकून कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन १९५२ मध्ये पॅरिसला त्याच्या वर्गात येऊन बसला, आणि पिएर बुलेझने आपल्या ‘स्ट्रक्चर्स’ची स्वरमाला तिच्यातूनच उचलली. युद्धानंतरच्या युरोपीय संगीताची एक मोठी शाखा इथून फुटली. काळाची मापे सुरांपासून सुटी करून, मोजून, यादीत मांडता येतात हा विचार तिच्या मुळाशी आहे. त्या रचनेतली २४ मापे शार्ङ्गदेवाची नाहीत, ती मेसियाँची आहेत. पण कालमाने स्वतंत्रपणे मांडण्याचा सराव त्याला आधीची पंधरा-वीस वर्षे कोणाच्या यादीवर झाला होता ते आपण पाहिले. तो शिक्षकही विलक्षण होता. आर्किटेक्टचे काम करणारा ग्रीक निर्वासित यानिस झेनाकिस त्याच्याकडे आला तेव्हा मेसियाँने त्याला संगीताच्या प्राथमिक इयत्तांत परत बसवले नाही. तू ग्रीक आहेस, गणिती आहेस, बांधकाम जाणतोस, तेच संगीतात उतरव, असा त्याचा सल्ला होता. बुलेझ, श्टोकहाउझेन, झेनाकिस आणि पुढे ग्रिसे, म्युराय, बेंजामिन यांचे संगीत एकमेकांशी जुळत नाही, यातच त्या शिक्षकाचे मोठेपण आहे.

उरतो तो आक्षेप आपल्या बाजूचा आणि नाजूक. वसाहतींच्या काळात एका फ्रेंच माणसाने आपल्या ग्रंथातला माल नेला आणि त्यावर नाव कमावले, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे सगळे आधीच होते, असे दुसरा अभिमानाने म्हणेल. दोघेही यादीकडे पाहतच नाहीत. मेसियाँने यादी नेली तेव्हा आपल्याकडची काही कमी झाली नाही. ग्रंथ आपल्याकडे छापलेला होताच: पुण्याच्या आनंदाश्रमाने कल्लिनाथाच्या टीकेसह तो १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला होता. पुढे ग. ह. तारळेकरांनी त्याचे मराठी भाषांतर केले. आणि वादनाची परंपराही अगदी कोरडी पडलेली नव्हती. नाना पानशांसारखा मराठी पखवाजी इंदूरच्या होळकर दरबारात, म्हणजे आपल्याच राज्यात, होऊन गेला. ब्रह्म, रुद्र, लक्ष्मी असे लांब आणि विषम घडणीचे ताल पखवाजियांनीच जपले. तरीही १२० पैकी बहुतेक ताल आपल्याकडे ग्रंथात राहिले आणि हातांतून गेले. चोरी झाली म्हणायला आधी वस्तू वापरात असावी लागते. आधीच होते म्हणणाऱ्यानेही रागवर्धनाचे १९ कण एकदा टाळीवर धरून पाहावेत. २, ३, २ पर्यंत हात बरोबर चालतो, आणि बाराच्या प्लुतात भले भले मोजणे सोडून देतात.

मेसियाँ मात्र शेवटपर्यंत ते मोजत राहिला. आयुष्याची चार दशके तो ताल, रंग आणि पक्षी यांवरचा एक महाग्रंथ लिहीत होता. तो अपुरा असताना २७ एप्रिल १९९२ रोजी त्याचे निधन झाले. पत्नी आणि पियानोवादक इव्होन लोरिओ हिने टिपणे जुळवून १९९४ ते २००२ या काळात त्याचे सात खंड प्रसिद्ध केले. पहिल्याच खंडात ग्रीक छंदांशेजारी शार्ङ्गदेवाचे १२० देशी ताल येतात, आणि त्यांच्यावर मेसियाँचे सविस्तर भाष्य आहे.