पवईचे बोलके धडे

ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते वापरायचे कसे, हे मात्र कुणाला तरी बसून लिहावे लागते. नवी आवृत्ती आली की पुन्हा लिहावे लागते! पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या निधीवर उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या कामाची घडी बसवली. लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब असे अनेक विषय त्यात आहेत.

प्रत्येक धडा म्हणजे साधारण 10 मिनिटांची बोलकी चित्रफीत. तिची संहिता दोन रकान्यांत : एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात तेव्हा काय बोलायचे. ही संहिता आधी नवख्या माणसाकडे जाते. तो वाचत वाचत प्रत्येक कृती स्वतः करून पाहतो. तो अडला की दुरुस्ती लिहिणाऱ्याने करायची. सगळ्यात मोलाची पायरी हीच, कारण आपण काय गाळले ते जाणकाराला दिसतच नाही. मग ध्वनिमुद्रण, तपासणी आणि मराठीसह भारतीय भाषांत डबिंग. बदलतो तो फक्त आवाज. पडद्यावरचे मेनू इंग्रजीच राहतात, म्हणजे पुढे नोकरीत अडायला नको.

तिथल्याच ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅब, पायथनमध्ये लिहितात. त्याचे मानधनही मिळते.

अंधेरी-मुलुंडच्या कॉलेजांतल्या गटांनी स्पोकन ट्युटोरियलचे धडे श्रेय देऊन खुशाल वापरावेत, सुधारावेत. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. अट एवढीच की सुधारलेला धडाही तसाच खुला ठेवायचा.