आंदोलक व अल्प संरोधी भाराची जुळणी

आंदोलक व अल्प संरोधी भाराची जुळणी म्हणजे आंदोलक परिपथातील प्रत्यावर्ती ऊर्जा कमी संरोधाच्या भारास, आंदोलन न बिघडवता, पुरेशा प्रमाणात पोहोचविण्याची व्यवस्था होय. प्रत्यावर्ती प्रवाहास होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात.

भाराचा परिणाम

आंदोलकाचा निर्गत संरोध १,००० ओहम आणि भारविरहित विद्युत दाब २ व्होल्ट असल्यास, ५० ओहमचा भार थेट जोडताच दाब सुमारे ०.०९५ व्होल्टपर्यंत घसरतो व भारास केवळ ०.१८ मिलिवॉट शक्ती मिळते. योग्य जुळणीनंतर ती १ मिलिवॉट होऊ शकते. भार थेट अनुस्पंदी मंडलावर आल्यास कंप्रता सरकते. पुनःप्रदाय अपुरा पडल्यास आंदोलन थांबतेही.

जुळणीच्या पद्धती

रोहित्रातील वेढ्यांचे गुणोत्तर संरोधांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके ठेवतात. वरील उदाहरणात ते सुमारे ४.५ येते. यामुळे शक्ती वाढते, परंतु भाराचा आंदोलकावरील ताण कायम राहतो. कंप्रता स्थिर हवी असल्यास मध्ये एमिटर फॉलोअर जोडतात. त्याची दाबवृद्धी जवळजवळ १ असते; मात्र १०० प्रवाहवृद्धीच्या ट्रँझिस्टरमधून ५ मिलिअँपिअर प्रवाह असता त्याचा निर्गत संरोध सुमारे १५ ओहम इतका कमी होतो.

जालन्यातील प्रवर्तन भट्ट्या

मोठ्या शक्तीच्या परिपथात भार असा वेगळा ठेवता येत नाही. जालना जिल्ह्यातील पोलाद उद्योगात भंगार व स्पंज आयर्न वितळविणाऱ्या प्रवर्तन भट्ट्या हे याचे उदाहरण होय. भट्टीच्या तांब्याच्या वेटोळ्याचा संरोध अत्यल्प असतो आणि आतील धातू एका वेढ्याच्या लघुपरिपथित दुय्यम कुंडलासारखा वागतो. वेटोळ्यास समांतर धारित्रे जोडून अनुस्पंदन साधतात. उदाहरणार्थ, रोध ०.०१ ओहम व प्रतिक्रियारोध ०.१ ओहम असल्यास इन्व्हर्टरला भार सुमारे १ ओहमचा, म्हणजे रोधाच्या सुमारे शंभरपट भासतो. मोठा प्रवाह वेटोळे व धारित्रे यांमध्येच फिरतो. इन्व्हर्टरला त्याचा अल्प अंश पुरवावा लागतो.

सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहाचे लोहचुंबकत्व नाहीसे होते आणि वेटोळ्याचा संरोध बदलतो. त्यामुळे इन्व्हर्टरची कंप्रता भाराच्या अनुस्पंदन कंप्रतेमागे चालवावी लागते. जुळणी ढळल्यास भट्टीस पूर्ण शक्ती मिळत नाही, वितळणास अधिक वेळ लागतो व उष्णता-ऱ्हासामुळे प्रतिटन विजेचा खर्च वाढतो.