अमरावती ते सेमाडोह इलेक्ट्रिक कारनं जायचंय? मग कंपनीची रेंज विसरा आणि हे गणित बघा

अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर. तिथून घटांगचा घाट चढून सेमाडोह आणखी तेवढंच. म्हणजे जाऊन-येऊन झाले २०० किलोमीटर. टाटानं जानेवारी २०२० मध्ये आणलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज होती ३१२ किलोमीटर. कागदावर बघितलं तर सेमाडोहला जाऊन, रबडी खाऊन परत आल्यावरही शंभरेक किलोमीटर शिल्लक राहायला पाहिजेत.

पण तसं होत नाही. का, ते बघू.

आधी हा ३१२ चा आकडा येतो कुठून? आपल्याकडं गाडीची रेंज एका ठरलेल्या चाचणीत मोजतात. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर पळवली जाते. चाचणीचा शहरी भाग ५० च्या वेगापर्यंत जातो, हायवेचा भाग ९० च्या पुढं जात नाही. एसी बंद. चढ नाही, वारा नाही, मागच्या सीटवर तीन पाहुणे आणि डिकीत बॅगा नाहीत. कंपन्यांनाही हे माहितीये. म्हणून आता टाटा स्वतःच दोन आकडे सांगते. ४५ युनिटच्या नव्या नेक्सॉनची चाचणीतली रेंज ४८९, पण बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळणारी साडेतीनशेच्या आसपास. गाडी घेताना दुसरा आकडा विचारायचा.

आता आपला हिशेब करू. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी म्हणजे टाकी आणि युनिट म्हणजे लिटर, एवढं धरून चाला. पहिल्या नेक्सॉनची टाकी ३०.२ युनिटची.

सपाट रस्त्यावर ७०-८० च्या वेगानं एक युनिट सात-साडेसात किलोमीटर नेतं. २०० किलोमीटरला झाले २७ युनिट. मे महिना असेल, पारा ४५ च्या घरात असेल, तर एसी तासाला एखादं युनिट खातो. जाणं-येणं आणि थांबणं धरून पाच तास, म्हणजे पाच युनिट. ३२ झाले. टाकी ३० ची होती, आणि घाट तर अजून धरलाच नाही.

घाटाचं गणित चिखलदऱ्यावरून चांगलं कळतं. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आत आहे, चिखलदरा ११०० च्या आसपास. म्हणजे सातशे-साडेसातशे मीटर चढण. चार माणसांसकट पावणेदोन टनाची गाडी एवढी उंच न्यायला नुसत्या चढणीचेच साडेतीन युनिट लागतात, मोटारीतली गळती धरली तर चार. तेवढ्यात सपाटीवर २८-३० किलोमीटर गेलो असतो. आणि परतवाडा ते चिखलदरा अंतरच आहे तीसेक किलोमीटर. म्हणजे घाटात खर्च थेट दुप्पट.

यातली निम्म्याहून थोडी जास्त वीज उतारावर परत मिळते, कारण ब्रेक लावताना मोटारच जनरेटर होते. यात एक खोच आहे. चिखलदऱ्याच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला घेतला, तर ही वीज ठेवायला जागाच नसते. वीज वाया जाते ती जाते, वर रोज मोटारीनं होणारं ब्रेकिंग कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर थांबलेलं बरं.

सेमाडोहला चढण चिखलदऱ्याएवढी नाही, पण गाव सिपना नदीच्या खोऱ्यात आहे. त्यामुळं जातानाही चढ आणि येतानाही चढ. दोन युनिट आणखी धरा. एकूण ३४. पहिल्या नेक्सॉनला वाटेत चार्ज केल्याशिवाय हे जमत नाही. ४५ युनिटवाली आरामात परत येते.

आता तुम्ही म्हणाल, मग सेमाडोहलाच एक फास्ट चार्जर टाकून द्या की! सरकारचा नियमही आहे. केंद्रानं २०१८ मध्येच हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचं धोरण आणलं आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातही २५ चाच आकडा आहे.

अडचण विजेची आहे. ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर चालवायचा तर ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. आपल्या खेड्यांत एवढ्याच ट्रान्सफॉर्मरवर अख्खी वस्ती चालते. त्यात मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. इथं नवी वीजवाहिनी ओढायची तर वन आणि वन्यजीव कायद्यांच्या परवानग्या लागतात. आणि एवढं करून दिवसाला दोन गाड्या आल्या तर चार्जर टाकणाऱ्याचे पैसे निघायचे कधी?

दुसरी अडचण मोबाईलची. बहुतेक सार्वजनिक चार्जर ॲपवरून सुरू होतात. सेमाडोहच्या पुढचं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं खरं, पण या जंगलातल्या रस्त्यावर रेंज जाते, आणि इथं गाडीची नाही, फोनची म्हणतोय. ओटीपी आला नाही तर समोर चार्जर असूनही वीज मिळत नाही.

त्यामुळं आमच्या मते सेमाडोहला फास्ट चार्जर हा हट्टच चुकीचा आहे. इथं येणारा पर्यटक सकाळच्या सफारीसाठी रात्री मुक्काम करतो. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट मिळतात. रात्रीचे दहा तास धरले तर ३० युनिट, म्हणजे पहिली नेक्सॉन जवळपास रिकामीची पूर्ण. पर्यटन संकुलात आणि लॉजवर असे चार-पाच सॉकेट, नीट अर्थिंग केलेले, एवढं पुरे. अर्थिंग महत्त्वाचं, कारण ते नसेल तर गाडीसोबतचा चार्जर सुरूच होत नाही. व्होल्टेज पडलं तर वेळ वाढतो, एवढंच. फास्ट चार्जर हवेत ते घाटाच्या दोन्ही तोंडांना, परतवाड्याला आणि धारणीला.

निघायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून १५ अँपिअरचा सॉकेट गाडी लागते तिथं पोहोचतो का, ते विचारा. खोलीतला एसीचा पॉइंट चालत नाही. नकाशावर दिसणारा चार्जर चालू आहे का, हे त्याच दिवशी बघा. परतवाडा सोडताना बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली नको. फास्ट चार्जरवर ८० नंतर वेग मंदावतो, त्यामुळं शेवटच्या २० टक्क्यांसाठी ताटकळत बसण्यात अर्थ नाही.

आणि जंगलात गाडी बंद पडलीच, तर पेट्रोलसारखी बाटलीतून वीज आणता येत नाही. चाकं जमिनीवर ठेवून ओढूनही चालत नाही, मोटारीचं नुकसान होऊ शकतं. सपाट ट्रक मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत तुम्ही वाघाच्या हद्दीत, काचा वर करून, एसी बंद ठेवून बसलेले असता.