चार विरुद्ध एक

बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसाकडच्या माणसाला उच्च न्यायालयात दाद मागायची तर जबलपूर गाठावं लागतं. १९५६ पर्यंत त्यासाठी नागपूर होतं. याच जबलपूरहून दिल्लीला गेलेल्या एका खटल्यात एक अजब नकार नोंदला गेला. अजब अशासाठी, की त्या नकाराने त्या दिवशी एकही कैदी सुटला नाही.

काळ आणीबाणीचा. ‘मिसा’ या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसं उचलली जात, कारण सांगायचं बंधन नव्हतं. तरीही अटक बेकायदा असेल तर आम्ही तपासू, असं जबलपूरसह नऊ उच्च न्यायालयं म्हणाली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटल्याचं नाव ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी अॅटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं: राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जीविताचाही हक्क येतो, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार केलं, तर दाद मागता येईल का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. भर कोर्टात, शांतपणे.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल आला. राय, बेग, चंद्रचूड, भगवती हे चौघे न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, खन्ना एकटे विरोधात. यातले यशवंत विष्णू चंद्रचूड आपले, मराठी. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खन्ना काही बंडखोर नव्हते. ना घोषणा, ना मोर्चा. नेहमीच्याच कायदेशीर भाषेत त्यांनी मत लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. नेमणूक बेग यांची झाली. खन्नांनी राजीनामा दिला.

मला थक्क करते ती न्यायालयाची रीत. अल्पमतातला निकाल कुणावरच बंधनकारक नसतो, पण तो फाडून टाकत नाहीत. बहुमताच्या निकालाबरोबर, त्याच ग्रंथात छापतात. सत्तेला हवा असलेला निकाल आणि त्याचं खंडन, दोन्ही एकाच पुठ्ठ्यात! आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, हे आठवलं की याचं मोल कळतं.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ ला हात लावायची सोय काढून टाकली. जुना निकाल मात्र कागदावर उभाच होता. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द ठरवला. चौघांचे निकाल गंभीर दोषांनी भरलेले आहेत आणि खन्नांचं मत स्वीकारलं पाहिजे, असं त्यात लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. यशवंतरावांच्या मुलाने.