चाळीस सलाईन आणि 0.1 टक्का

35.6 टक्के आणि 35.7 टक्के. बायपास टाळण्यासाठी चिलेशन थेरपीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे आधी वाचावेत. अमेरिका आणि कॅनडात मधुमेह असलेल्या आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 959 रुग्णांवर झालेल्या ‘टॅक्ट-2’ चाचणीचा हा निष्कर्ष 2024 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. ईडीटीए हे चिलेशनचं औषध सलाईनमधून घेणाऱ्यांपैकी 35.6 टक्के रुग्णांना मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी-बायपास किंवा छातीतल्या दुखण्यासाठी रुग्णालयात भरती यांपैकी काहीतरी भोगावं लागलं. ज्यांच्या सलाईनमध्ये औषधच नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण 35.7 टक्के होतं.

पुण्यात एखाद्या घरात बायपासचा सल्ला मिळाला की नातेवाइकांपैकी कुणीतरी ‘विनाऑपरेशन’ मार्ग सुचवतंच. त्यात चिलेशनचं नाव निघतं. सांगितलं जातं ते ऐकायला पटण्यासारखं असतं: रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय, ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणजे ब्लॉकेज मोकळं होणार. सोबत 2013 च्या पहिल्या ‘टॅक्ट’ चाचणीचाही हवाला मिळतो. ती चाचणी खरी आहे, म्हणून ती नीट वाचायला हवी.

तिच्यात 1,708 रुग्ण होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे आणि एक अटॅक येऊन गेलेले. प्रत्येकाला 40 सलाईन द्यायची होती, एकेक किमान तीन तासांची. म्हणजे 120 तास नुसतं पडून राहायचं, पहिले सात महिने दर आठवड्याला. चिलेशन घेणाऱ्या 839 पैकी 222 जणांना पुढे त्रास झाला, न घेणाऱ्या 869 पैकी 261 जणांना. 26 टक्के विरुद्ध 30 टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम टिकला. मृत्यू जवळजवळ सारखेच होते, 87 आणि 93. शिवाय 289 जणांनी चाचणी मध्येच सोडली, त्यातले 174 औषध न मिळणाऱ्या गटातले. कोणत्या गटाला काय मिळतंय हे गुप्त राहिलं होतं का, अशी शंका त्यामुळेच घेतली गेली.

तरीही एक आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. मधुमेह असलेल्या 633 रुग्णांत त्रासाचं प्रमाण चिलेशन घेणाऱ्यांत 25 आणि न घेणाऱ्यांत 38 टक्के असं निघालं होतं. इतका मोठा फरक दिसल्यावर तो पुन्हा तपासणं हेच शास्त्रज्ञांचं काम, आणि डॉ. जर्व्हासिओ लामास यांच्या चमूने ते प्रामाणिकपणे केलं. म्हणूनच ‘टॅक्ट-2’ फक्त मधुमेहींवर झाली. तिच्यात रक्तातलं शिसं सुमारे 61 टक्क्यांनी उतरलं, म्हणजे औषधाने धातू काढायचं आपलं काम केलं. हृदयाला मात्र फायदा झाला नाही.

पुणेकरांसाठी मधुमेहाचा हा धागा जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिकांमध्ये 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेली आपली माणसं मधुमेहाकडे आणि त्यामागून हृदयविकाराकडे लवकर का वळतात, त्याचं उत्तर शोधण्याचं काम याच शहरात झालं आहे. ‘मधुमेहींना चिलेशनचा विशेष फायदा’ हे वाक्य इथल्या कितीतरी घरांना थेट लागू पडतं, आणि म्हणूनच 2024 चा निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

आता कॅल्शियमचं बघू. शरीरातलं सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं कमी झालं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते ओढून घेतात. रक्तवाहिनीतला थर तर कोलेस्टेरॉल, तंतू आणि पेशींनी मिळून झालेला असतो, त्यात कॅल्शियम हा एक भाग. त्यामुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये वाढलेलं कॅल्शियम दाखवून ‘बघा, घाण निघतेय’ म्हणणं चुकीचं आहे. ईडीटीए दिल्यावर निरोगी माणसाच्याही लघवीत ते वाढेल. आणि रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं तर हृदय थांबू शकतं. अमेरिकेत 2003 ते 2005 दरम्यान असे तीन मृत्यू नोंदले गेले, त्यात दोन मुलं होती.

शिशाची विषबाधा झाली असेल, थॅलेसेमियात रक्त देऊन देऊन लोह साचलं असेल, तर चिलेशन हा जीव वाचवणारा उपचार आहे. तिथे त्याच्याबद्दल वाद नाही.

‘बायपास नको’ या भीतीचा मी मान राखतो, कारण तिला एक खरं उत्तर आहे. 2020 मध्ये आलेल्या ‘इस्किमिया’ चाचणीत 5,179 रुग्णांचा आजार स्थिर होता. निम्म्यांची लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास झाली, निम्म्यांना आधी फक्त गोळ्या. मृत्यू 145 आणि 144. मुख्य धमनीचा अडथळा, नुकताच आलेला अटॅक किंवा फारच कमजोर झालेलं हृदय असेल तर हा निष्कर्ष लागू नाही, पण बाकी अनेकांना थांबून विचार करायला वेळ असतो. तो वेळ गोळ्यांना द्यावा. स्टॅटिन गोळ्यांमुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे साधारण 39 मिलिग्रॅमने उतरलं की मोठे झटके सुमारे 22 टक्क्यांनी घटतात. आणि तरीही 2011 च्या ‘प्युअर’ पाहणीत, भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या 80 टक्के लोकांना एकही सिद्ध औषध मिळत नव्हतं. मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा आकडा.

पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. तिचं संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने 2023 मध्ये घेतला. हृदयविकार बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मना आहे. तशी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बायपासचा सल्ला पटत नसेल तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत जरूर घ्या. पण ते मिळेपर्यंत चालू असलेली एकही गोळी बंद करू नका.