पुढचे दात आणि हिरडीची राखण

दंतविभागाच्या खर्चपत्रकातील एका बाबीविषयी विश्वस्त मंडळाकडून तसेच रुग्णांच्या नातेवाइकांकडून वारंवार पृच्छा होते. समोरच्या दातांसाठी आधी तात्पुरता ब्रिज व काही महिन्यांनी कायमचा, असा दुहेरी खर्च कशासाठी? आणि दात चार गेले असता रोपणे दोनच का? आमच्या दंतवैद्यांकडून समजून घेतलेले उत्तर येथे देत आहे.

वरच्या पटाशीच्या दातांना ओठाच्या बाजूने धरणारे हाड मुळातच पातळ, बहुतेकांत एक मिलिमीटरहून कमी जाडीचे असते. दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ते बरेच झिजते. हिरडी या हाडाच्या आधाराने राहते. हाड हटले की तीही हटते. मग नवे दात लांबट दिसतात आणि दोन दातांमधील हिरडीचे त्रिकोणी टोक नाहीसे होऊन तेथे काळी फट राहते. दाढेपाशी हे कोणाच्या लक्षात येत नाही. समोर मात्र, अपघातात दात गमावलेली तरुण मुले बोलताना तोंडावर हात धरू लागतात, आणि दात बसवल्यानंतरही तो हात तसाच राहिला तर आपण केलेला खर्च कारणी लागला असे म्हणवत नाही.

अमेरिकेतील दंततज्ज्ञ डेनिस टार्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांची मोजमापे प्रसिद्ध केली. दोन दात परस्परांस टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मि.मी. असेल तर ९८ टक्के ठिकाणी हिरडी फट पूर्ण भरते, ६ मि.मी. असता ५६ टक्के, ७ असता अवघे २७ टक्के. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन रोपणांच्या मध्ये हाडावर हिरडी सरासरी ३.४ मि.मी. एवढीच उभी राहते, असे त्यांनीच २००३ मध्ये दाखवले. म्हणून चार पटाशीचे दात गेले असता शक्य तेथे कडेच्या दोन जागी रोपणे करून मधले दोन दात ब्रिजमध्ये अधांतरी ठेवतात. त्यांच्याखालची हिरडी टाळूतील ऊतीचे कलम करून जाड करता येते. रोपणे कमी करणे ही येथे काटकसर नव्हे. (खर्च कमी होतो हे खरे, प्रशासकास त्याचे दुःख नाही!)

तात्पुरता ब्रिज हा त्या हिरडीचा साचा होय. अधांतरी दाताचा तळ अंड्यासारखा गोलसर करून तो हिरडीवर हलका दाबतात. दर भेटीत ॲक्रिलिक थोडे चढवीत वा घाशीत हिरडीला हळूहळू खोलगट आकार दिला जातो, व त्याचेच माप प्रयोगशाळेकडे जाते. ही पायरी गाळल्यास दात हिरडीतून उगवल्यासारखा न दिसता वर ठेवल्यासारखा दिसतो.

हाड फारच गेले असेल तर गुलाबी पोर्सेलिनची कृत्रिम हिरडी जोडावी लागते. ती वाईट दिसत नाही, पण तिच्याखाली स्वच्छता राखणे कठीण. अनेक रुग्ण मदतीच्या प्रतीक्षेत वर्ष-दोन वर्षे थांबून मग येतात. तोवर हाड निघून गेलेले असते. यास्तव अशा प्रकरणी साहाय्याचा अर्ज दात काढण्यापूर्वीच घ्यावा आणि तात्पुरत्या ब्रिजची रक्कम स्वतंत्र न धरता एकूण मदतीत समाविष्ट करावी, अशी माझी विश्वस्त मंडळास शिफारस आहे.

घरच्यांनी तंबाखू व मशेरी बंद ठेवावी, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी आणि ब्रिजखालून रोज दोरा फिरवला जातो ना, हे पाहावे. दोरा कसा फिरवावा, हे दंतविभागात प्रत्यक्ष दाखवले जाते.