मनगटाला बांधलेली दोरी

मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळ बरेचदा एक लाल बटण असते. ते दाबले की इंजिन बंद पडते. पण गाडीवरून फेकला गेलेला स्वार ते दाबणार कसे?

युरोपात लोकप्रिय असलेल्या स्पीडवे शर्यतीत हा प्रश्न फार बिकट. मातीच्या लंबगोल मार्गावर चार स्वार चार फेऱ्या मारतात आणि त्यांच्या ५०० सीसीच्या गाड्यांना ब्रेकच नसतात! स्वार पडला आणि इंजिन चालूच राहिले, तर मागचे चाक व साखळी गरगरत राहतात. त्यात बोटे अडकू शकतात, किंवा मोकाट गाडी दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून स्वाराच्या मनगटाला छोटी दोरी बांधतात. तिचे दुसरे टोक गाडीवरच्या स्विचमध्ये खोचलेले असते. स्वार दूर फेकला गेला की ते टोक निसटते, ठिणगी तुटते व इंजिन थांबते. व्यायामशाळेतील ट्रेडमिलची दोरीही अशीच. इतकी स्वस्त आणि इतकी हुशार वस्तू आम्हाला शर्यतीच्या साऱ्या सरंजामात दुसरी दिसत नाही. स्पीडवेत ती सक्तीची आहे.

अंगावरच्या साधनांचे काम त्यानंतरचे. चामडी पोशाख, पाठीचे कवच आणि अर्थात हेल्मेट. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर पडताना हेल्मेटच आधी निघून जाते, हे शाळेच्या फाटकाशी दुचाकी थांबवणाऱ्या पालकांनाही आम्ही सांगू इच्छितो. मोटोजीपी शर्यतींत २०१८ पासून पोशाखात एअरबॅगही सक्तीची झाली. सेन्सरना पडण्याची चाहूल लागताच, स्वार जमिनीवर आदळण्यापूर्वी, ती फुगते.